दम न खाल्लेला पट्टा

सरका, असे अंगाशी सरका. कीर्तनात भिंतीला टेकून बसणारा निम्मं ऐकतो आणि निम्मं घोरतो. तसं आज नको. आज एक गोष्ट सांगतो, आपल्या आदिलाबादच्याच एका शेडमधली. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक कापायची मशीन आहे, एक म्हातारी आहे, आणि एक असा शहाणा आहे, ज्याला वाटायचं की देवानं जग घडवलं ते ठीकच घडवलं, पण दोन-चार बोल्ट ढिले सोडले, ते आपण कसून द्यायचे. हसू आलं तर खुशाल हसा. असल्यांवर हसण्यात पाप नाही. माझे बुवा तर म्हणत, थोडं पुण्यच पदरात पडतं.

त्याचं नाव देवानंद. राहणार बेला. आदिलाबादहून बेल्याकडे निघालं आणि जिनिंगची गेटं मागं पडली, की उजव्या हाताला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप लागतं. दारावर पाटी : ‘कोणतीही मशीन तुमच्या कामाप्रमाणे बदलून मिळेल.’ खाली तेच तेलुगूत. आणि त्याच्याही खाली त्याचा फोटो, पांढऱ्या शर्टात, मारुतीनं गदा धरावी तसा खांद्यावर पाना धरलेला. मारुतीला निदान ठाऊक होतं, गदा कोणाच्या कामासाठी आहे ते.

हात मात्र त्याचा चांगला होता. खोटं कशाला बोलू? ज्यानं तो हात दिला त्याचं नाव उगाच खराब होईल. तयार मशीन म्हणजे बाजारातून आणलेला सदरा; अंगाला बसेलच असं नाही. कोणाला जाड कापड कापायचं असतं, कोणाला ताडपत्री, कोणाला खाटेची नवार. देवानंद त्या मशिनीची काख उसवायचा, बाही मोकळी करायचा आणि अंगाबरोबर बसवून द्यायचा. पण एवढ्यावर थांबेल तर तो देवानंद कसला. सुरतचे मिस्त्री त्याच्या लेखी खेळणी बनवणारे, हैदराबादचे इंजिनिअर कागदावरचे पैलवान, आणि बाकी सारा जिल्हा येडपट. देवळात कीर्तनाला आला तरी बुवांच्या तोंडाकडे न बघता पेटीच्या भात्याकडे बघायचा आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागून सांगायचा, “हवा लीक होऊन राह्यली.” तिकडं बुवा गळा फोडून देवाला हाक मारताहेत, डोळ्यांना धार लागली आहे, आणि याचं लक्ष भात्याच्या भोकात!

तर या देवानंदला बोलावणं आलं सुधाकररावांचं. सुधाकरराव म्हणजे तलमडुगूच्या रस्त्याला ज्यांचा पट्ट्यांचा कारखाना आहे ते. त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत पेशकार होते. कचेरी गेली, निजाम गेला. सुधाकरराव अजून समोरच्याला पेशीला उभा केल्यासारखंच बोलतात. त्यांच्या शेडमध्ये आठ मागांवर नायलॉनचे पट्टे विणले जातात, शाळेच्या दप्तरांना खांद्यासाठी लागतात ते. विणलेला पट्टा रोलवर कसून गुंडाळला जातो, आणि मग त्याचे मापाचे तुकडे करायचे असतात. हे तुकडे करायला चार बाया होत्या, आणि त्यांतलीच एक, त्यांची मुकादम, गयाबाई.

गयाबाई तीस वर्षांपासून त्या टेबलाशी. धोंडीबा, तिचा नवरा, त्याच कारखान्यात मागावर होता. तो गेला आणि ही राहिली. टेबलावर खिळे ठोकून माप बांधलेलं. घरची कैची, घरची चिमणी. पट्टा कापायचा आणि कापलेली कड चिमणीच्या ज्योतीवरून अशी फिरवायची, की धागे वितळून बंद झाले पाहिजेत, पण काळे पडायला नकोत. आरती ओवाळल्यासारखा हात फिरायचा तिचा. आणि तीस वर्षांत तिच्या हातचा पट्टा आखूड निघाला म्हणून परत आला, असं एकदाही घडलं नव्हतं. तिच्याकडे ना शेत होतं, ना सोनं. “गयाबाईचं माप” एवढी दोन शब्दांची इस्टेट होती. बेल्याच्या बाजारात सुद्धा वाद झाला तर लोक म्हणायचे, “गयाबाईले बोलवा, ते मोजन.”

तिची एक रीत होती. सकाळी आल्या आल्या रोल उकलायचा आणि जुन्या चादरीवर पट्ट्याचा सैल ढीग करून टाकायचा, बाईनं केस मोकळे सोडावेत तसा. दुपारची भाकर होईपर्यंत त्या ढिगाला कोणी हात लावायचा नाही. मग मोजायचं, मग कापायचं.

देवानंद पहिल्या दिवशी टेप घेऊन शेडमध्ये आला, तेव्हा ती ढिगाशेजारी बसून सुपारी कातरत होती.

“मावशी, काम नाई का आज?”

“काम चालूच हाय, बाप्पा. पट्टा दम खाऊन राह्यला.”

देवानंद असा हसला की मागावरची माणसं वळून बघायला लागली. “पट्टा काय बैल हाय का व, दम खायाले?”

“बैल बरा,” गयाबाई म्हणाली. “बैलाले दम नाई देला तं तो रस्त्यातच बसते, आपल्याले समजते. हा बसत नाई. हा धोका देते.”

“कसा धोका?”

“मागावर ताणून ताणून आणला त्याले. मंग गुंडाळीत आवळून बांधला. भेदरलेला हाय तो. आत्ता मोजला तं खोटंच बोलन. जराक मोकळा सोड, अंग सैल करू दे, मंग खरं माप सांगन.” आणि सुपारीचं खांड त्याच्यापुढं धरून म्हणाली, “तुया मशिनीतबी आधी मोकळा करूनच घाल, देवानंदा. नाईतं फसशीन.”

आता बघा. तीस वर्षांचं ज्ञान, सुपारीच्या खांडाबरोबर, फुकट! शिष्य असता तर पाय धरले असते. यानं सुपारी घेतली, तोंडात टाकली, आणि ज्ञान तिथंच थुंकलं.

“मशिनीत चाक बसवून राह्यलो मी, माप घेणारं,” तो म्हणाला. “केसाइतका फरक सांगते ते. तुमच्या खिळ्यावानी नाई.”

“चाक तं चांगलंच असन,” गयाबाई म्हणाली. “पण ते पट्ट्याले इचारते, का तू दमलास का म्हणून?”

बाया खिदळल्या. देवानंदचे कान लाल झाले. मला विचाराल तर सगळी गोष्ट या लाल कानांतच आहे. शहाण्या माणसाला चूक समजावून सांगता येते. पण बायांच्या हसण्यानं ज्याचे कान लाल होतात, त्याला ब्रह्मदेव आला तरी काही सांगू शकत नाही.

मशीन सुरतहून जुनी आणलेली होती. ती होती रिबिनी आणि बारीक इलॅस्टिक कापायची. तिच्यापुढं दीड इंची जाड पट्टा म्हणजे चिमणीपुढं मक्याचं कणीस. देवानंद तीन आठवडे तिच्याशी झोंबत होता. थंड पातं काढून त्यानं तापणारं बसवलं, म्हणजे कापतानाच कड वितळून बंद व्हावी. पातं सरळ होतं, ते तिरपं केलं, म्हणजे पट्ट्याचं टोक बकलात अलगद जावं. ओढणारे रोलर गुळगुळीत होते, पट्टा घसरायचा. त्यांवर रबर चढवलं. पट्टा डावी-उजवीकडे पळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पितळी काठ लावले. आणि ते माप घेणारं चाक. काम देखणं होतं. बघितलं तर कोणीही मान डोलावली असती. पण डोलायला मानच ठेवत नव्हता तो कोणाची. रोज संध्याकाळी मशिनीचा व्हिडिओ काढायचा आणि त्यात मशीन कमी, स्वतः जास्त.

रोल मात्र त्यानं सरळ मशिनीच्या मागं लोखंडी दांड्यावर चढवला. कसून बांधलेला, तसाच्या तसा. इकडून ओढ, तिकडं काप.

“गयाबाई, आता तुमच्या पट्ट्याची झोप बंद,” सुधाकरराव म्हणाले. “निम्मा दिवस माझा त्या चादरीवर लोळण्यात जात होता.”

“मालक, झोप त्याची हाय, मही नाई,” गयाबाई म्हणाली. बाई तोंडानं कमी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे.

चाचणीच्या दिवशी हैदराबादच्या दप्तर कंपनीकडून यामिनी मॅडम आल्या. मूळच्या आपल्याच, जुन्या मराठी घरातल्या. पण मराठी अशी बोलायच्या की जणू गरम भजं जिभेवर ठेवलं आहे. सुधाकररावांनी मशिनीला हार घातला, देवानंदनं नारळ फोडला, बटण दाबलं. पातं वर-खाली व्हायला लागलं आणि पट्टे असे पडायला लागले, की बायांनी तोंडावर पदर घेतले. नव्वद सेंटीमीटर, एकेक. यामिनी मॅडमनी पहिला पट्टा उचलला, स्वतःच्या टेपनं मोजला आणि म्हणाल्या, “पर्फेक्ट!”

“यावर सही करा, मॅडम,” सुधाकरराव म्हणाले. “पहिला पट्टा. आठवण राहील.”

मॅडमनी पेन काढून पट्ट्यावर सही केली, खाली तारीख घातली. टाळ्या झाल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये मागून गयाबाईचा आवाज आला, मोठा नाही, पण स्वच्छ :

“उद्या मोजा, बाई.”

“काय म्हणाल्या त्या?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही,” सुधाकरराव म्हणाले. “जुनं माणूस आहे. मशीन आली की जुन्या माणसाला पोटदुखी होते.”

देवानंदनं ते ऐकलं, आणि गयाबाईकडे बघून हसला. मग दोघं पुरुष मॅडमना जेवायला हॉटेलात घेऊन गेले. मशीन संध्याकाळपर्यंत चालली. बाया रोल चढवत होत्या, गयाबाई पट्टे नगावर मोजून गठ्ठे बांधत होती, आणि शेवटी झाडून, कुलूप लावून तीच घरी गेली. मॅडमना सुधाकररावांनी गळ घातली, “उद्या सकाळी नेरडीगोंड्याकडे जाऊन कुंतलाचा धबधबा बघून या. येईपर्यंत माल गाडीत भरून ठेवतो.”

मॅडम धबधबा बघून दुपारी आल्या. ओले केस, हातात सीताफळांची पिशवी, एकदम खूश. सहज एका गठ्ठ्यातला पट्टा ओढला, टेप लावला. मग दुसरा ओढला. मग तिसरा. पिशवी खाली ठेवली.

प्रत्येक पट्टा एक बोट आखूड.

एक बोट म्हणजे फार नाही, असं तुम्हाला वाटेल. पण पट्टा बकलातून जाऊन, माघारी वळून, दुहेरी शिवला जातो. ते एक बोट नसेल तर शिवण धरत नाही. लेकराच्या खांद्यावरून दप्तर धाडकन खाली. गठ्ठेच्या गठ्ठे माल असा आखूड. आणि काल डोळ्यांदेखत बरोबर निघालेला!

देवानंदला फोन गेला. तो आला तेव्हा सुधाकरराव आणि मॅडम ऑफिसात होते, बाया बाहेर ओसरीला. शेडमध्ये तो एकटाच. पॅनेलवर बघितलं : आकडा नव्वदचाच. एक तुकडा कापला, मोजला : नव्वद. तसाच खिडकीत ठेवला आणि मशिनीची झाडाझडती घेत बसला. चाक काढलं, पुसलं, बसवलं. जरा वेळानं तुकडा पुन्हा मोजला. तो आक्रसायला लागला होता. मग त्याची नजर गेली भिंतीवरच्या खिळ्याकडे. तिथं सहीचा पट्टा लटकत होता, हार घातलेला. मॅडमच्या हातची सही, कालची तारीख, आणि काल टेप लावून नव्वद भरलेला. देवानंदनं तो काढला, टेबलावर ठेवला, माप लावलं.

एक बोट आखूड.

आता यात कोणाचा हात असणार? रात्रभर भिंतीला लटकलेला पट्टा काय गयाबाईनं येऊन तोडला? टोकं दोन्ही तिरपी, वितळलेली, जशीच्या तशी. देवानंद मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. त्याला एका क्षणात कळलं. पट्ट्यानं दम खाल्ला होता. अंग सैल केलं होतं, आणि खरं माप सांगितलं होतं.

माणूस म्हणून उभं राहायला देव अशी एक जागा प्रत्येकाला देतो. त्या वेळी शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पट्टा हातात घेऊन ऑफिसात जायचं, वीस पावलं, आणि म्हणायचं : माझं चुकलं, गयाबाईनं सांगितलं होतं. झालं असतं. चार दिवस हसले असते लोक.

देवानंदनं पट्ट्याची घडी केली आणि हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, घातली.

ऑफिसात सुधाकररावांनी पेशी लावलीच होती. गयाबाईला समोर उभं केलं होतं.

“काल आम्ही गेल्यावर मशिनीजवळ कोण होतं?”

“मी होती, मालक. आन ह्या तिघी.”

“कुलूप कोणी लावलं?”

“म्याच.”

“आणि ‘उद्या मोजा’ हे कोण म्हणालं होतं?”

“म्याच म्हनलं.”

सुधाकररावांनी मॅडमकडे असं बघितलं, की जणू मोठा दरोडा पकडला. “ऐकलंत? हिला कालच ठाऊक होतं, की माल आखूड निघणार. कसं ठाऊक होतं, गयाबाई? आकडा बदललात, माल आखूड काढलात, आणि जाताना आकडा पुन्हा जागेवर आणलात. हेच ना?”

गयाबाईला आधी समजलंच नाही. सांगितलं म्हणून कोणी चोर ठरतो, हे तिच्या हिशेबात नव्हतं. “मालक, मले त्या पॅनेलवरचं काईच येत नाई. पट्टा दम न खाता कापला, म्हनून तो…”

“पुन्हा तेच! दम!”

“एक मिनिट,” यामिनी मॅडम म्हणाल्या. “काल मी सही केलेला पट्टा कुठंय? तो मोजू या ना. तो तर आपल्यासमोर कापला होता.”

बघा, किती सोपं होतं. बाई धबधबा बघून आलेली, भज्यासारखं मराठी बोलणारी, पण प्रश्न बरोबर विचारला तिनं. सगळे शेडमध्ये आले. खिळ्यावर नुसता हार. बाया धावल्या, टेबलाखाली बघितलं, गठ्ठे उपसले, कचऱ्याची टोपली उलटी केली. देवानंद पण शोधत होता! वाकून, मशिनीखाली टॉर्च मारून, “इथं तं नाई,” असं मोठ्यानं म्हणत. पिशवी खांद्यालाच.

“तोही हिनंच लंपास केला,” सुधाकरराव म्हणाले. “पुरावाच नको.”

गयाबाईनं तेव्हा सगळ्यांना सोडून देवानंदकडे बघितलं. “देवानंदा, तू सांग ना, बाप्पा. पहिल्याच दिशी म्या तुले सांगतलं होतं का नाई? तू मशीनवाला हायेस. तुया शब्दाले वजन हाय. सांग, पट्टा आक्रसते का नाई?”

सगळ्या माना देवानंदकडे. त्या तिघी बाया तर अशा बघत होत्या, जसा देव कौल द्यायला उभा आहे.

देवानंदनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मावशी, तुमी दिवसभर कायकाय बोलत राहाता, मी कायकाय ध्यानात ठेवू?” तो म्हणाला. “मही मशीन बराबर हाय. पॅनेलचं बटन कोनाच्या हातानंबी दबू शकते. बाकी मले माईत नाई.”

हे एवढंच. खोटं म्हणावं तर एकही शब्द सरळ पकडता येणार नाही. बटण कोणाच्याही हातानं दबतंच. असली वाक्यं बोलणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. साप पण इतका वळून चालत नाही.

गयाबाई रडली नाही. टेबलाशी गेली, कैची उचलली, चिमणी उचलली, पदराच्या टोकात बांधली.

“मालक, तीस वर्सं झाले,” ती म्हणाली. “मह्या हातचा एक पट्टा एक बोट कमी निघाला असन तं आणून दाखवा. एक.” कोणी काही आणलं नाही. “आजचा मह्या हातचा नाई. येवढं ध्यानात ठेवजा.”

आणि बेल्याची बस धरायला निघाली. यामिनी मॅडमनी मोबाईल बघितला आणि म्हणाल्या, “हे बघा, तुमचं आतलं भांडण मला नको. मला माल वेळेत हवाय.” बरोबर प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणारी माणसं, त्यांचंही एक दुकान आहे जगात, आणि ते बरं चालतं.

देवानंदनं त्याच संध्याकाळी सहीचा पट्टा वर्कशॉपमागं जाळला. नायलॉन जळतं तेव्हा घाण मारतं. शेजारचा गॅरेजवाला ओरडला, “काय जाळून राह्यला रे?” तर म्हणाला, “कचरा.”

आणि मग आठवड्याभरात त्यानं काय केलं ऐका. मशिनीच्या मागं पत्र्याची रुंद पेटी बसवली. रोल आधी त्या पेटीत उकलायचा, सैल घड्या पडू द्यायच्या, दुपारपर्यंत तसाच ठेवायचा, मग रोलरला लावायचा. चादरीच्या जागी पत्रा, एवढाच फरक. पट्टे एकदम मापात निघायला लागले, दुसऱ्या दिवशीही, आठवड्यानंतरही. सुधाकररावांनी पाठ थोपटली. आता पट्टा निम्मा दिवस पेटीत लोळायचा, आणि ते त्यांना चालायचं. कारण लोखंडी पेटीत लोळणं म्हणजे तंत्रज्ञान, आणि गयाबाईच्या चादरीवर लोळणं म्हणजे आळस. देवानंदनं पेटीवर नाव रंगवलं : ‘देवानंद रिलॅक्स बॉक्स’. व्हिडिओ टाकला. “कई साल की मेहनत के बाद हमने खोज निकाला,” असं सुरू. सोलापूरहून फोन आले, सुरतहून आले. ज्यांना तो खेळणी बनवणारे म्हणायचा, ते त्याला ‘सर’ म्हणायला लागले.

गयाबाई बेल्यात भाजी विकायला बसली. घरामागं वांगी, मेथी लावायची. पहिल्याच बाजाराच्या दिवशी एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं, आणि वांगी तागडीत पडता पडता हसत म्हणालं, “मावशी, माप बराबर देजो हो. बोटभर कमी नको.”

गावभर झालंच होतं ते. गयाबाईनं तागडी बघितली. वजन पुरं होतं. तरी वर आणखी एक वांगं टाकलं. त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वांगं जास्त. जिच्याकडून अख्खा बाजार माप शिकायचा, तिला आता वरचं वांगं टाकावं लागत होतं. याच्यापेक्षा मोठी चोरी मला माहीत नाही.

त्या वर्षी मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. देवानंदनं देवळातल्या वाजवायच्या पेटीचा भाता फुकट दुरुस्त करून दिला, शेवटच्या दिवसाचा महाप्रसाद आपल्याकडून लावला. म्हणजे कुठंतरी टोचत होतं. देवानं माणसात तेवढी एक सुई ठेवलेलीच असते. पण टोचलं तर माणसानं काटा काढावा, का काट्यावर शाल पांघरावी? नागनाथबुवांचं कीर्तन उभं राहिलं. काय गळा! टाळ थांबले की देवळाचे खांब गुणगुणायचे. निरूपणात बुवा म्हणाले, “अरे, चोरलेलं फूल वाहिलंस तरी देव ते घेतो; तो भोळा आहे. पण ज्याच्या परड्यातून खुडलंस, त्याच्या दारावरून जाताना तुझी मान वर राहते का? तेवढं घरी जाऊन बघ.”

“वा, बुवा, वा!” सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? देवानंद. आणि ओरडून सभामंडपात इकडं-तिकडं बघायला लागला, चोर कोण असेल म्हणून!

कीर्तन संपलं. बुवांच्या पाया पडायला रांग लागली. बायांच्या रांगेतून गयाबाई निघाली, पुरुषांच्या रांगेतून देवानंद, आणि दोघं पायरीशी समोरासमोर आले. मधे दुसरं कोणी नव्हतं. आता बोल, असं मी सुद्धा मनात म्हणालो असतो.

“कसा हायेस, देवानंदा?” तीच बोलली.

“बरा हाय, मावशी.”

“पट्टे आता मापात येऊन राह्यले म्हनतात.”

“हाव.”

“मोकळा करून ठेवतोस ना आधी?”

देवानंदच्या तोंडात शब्द आला असेल. घशापर्यंत नक्की आला असेल. मागं बेल्यातले पन्नास लोक उभे होते. एक वाक्य, आणि तिचं माप तिला परत मिळालं असतं. तो म्हणाला, “हाव, पेटी बसवली ना मी.”

“मंग बरं झालं,” गयाबाई म्हणाली. “लेकरायचे दप्तरं पडणार नाईत.” आणि चपला शोधायला खाली उतरली.

देवानंदनं लगेच खिशातून मोबाईल काढला आणि महाप्रसादाच्या पंगतीचा फोटो घ्यायला लागला, आधी स्वतःचा.

एवढीच गोष्ट. देवानंद आहे, मजेत आहे. पाटीवरचा फोटो आता मोठा केला आहे. देवानं त्याला शिक्षा काऊन केली नाही, हे मला विचारू नका. ते त्याचं काम, माझं नाही. माझं काम सांगण्याचं होतं, ते झालं. तुमचं एक उरलं आहे. घरात लेकरू असेल, दप्तर असेल, उद्या सकाळी ते लेकराच्या खांद्यावर चढवाल, तेव्हा क्षणभर थांबून बेल्याच्या एका बाईचं नाव घ्या : गयाबाई, धोंडीबाची बायको. माप तिचं होतं. कोणी म्हणालं नाही, तुम्ही म्हणा.